नमुना क्रमांक सात

"वास छानच आहे, पण थोडा धूर हवाय," जाहिरातवाली म्हणाली. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तितक्या सहज. टेबलावर पांढऱ्या कागदी पट्ट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीचं टोक तेलात बुडवलेलं, आणि तिने त्यातली एक नाकाला अगदी चिकटवून धरली होती. पट्टी नाकापासून चार बोटं लांब धरायची असते, हे माझं तिला तीनदा सांगून झालं होतं. "म्हणजे कसं," ती डोळे मिटून म्हणाली, "जंगल वाटलं पाहिजे. कुणी म्हातारा कारागीर, तांब्याचं भांडं, खाली जाळ. लोकांना आता स्वच्छ वास नकोय, अस्सल हवंय." माझ्या शेजारी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख बसले होते. तेरा वर्षं मी त्यांना सर म्हणते. त्यांनी वहीत लिहून घेतलं, थोडा धूर, आणि वहीतून मान वर न करता मला विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "जमेल." शब्द तोंडातून गेला आणि माझी कानशिलं तापली. कारण बारा वर्षांपूर्वी, याच टेबलाशी बसून, याच झाडाच्या तेलातल्या याच धुराला मी माझ्या हाताने हाकलून दिलं होतं. तेव्हा ते मला जमलं होतं. आताही जमेल. मला काय, सगळंच जमतं.

हुंगणं हा माझा धंदा आहे. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. कंपनीतले लोक पाठीमागे मला नाकबाई म्हणतात ते मला माहीत आहे. बाहेरून आलेलं प्रत्येक तेल आधी यंत्रात जातं आणि मग माझ्याकडे येतं, कारण यंत्र तेलात काय काय आहे ते सांगतं, पण ते तेल खोटं बोलतंय का हे सांगत नाही. त्यासाठी मी जेवणात कच्चा कांदा खात नाही, वासाचा साबण लावत नाही, दहाच्या आधी कॉफी घेत नाही, आणि सर्दी झाली की घरी बसते. घरीही नाक माझंच चालतं. बाबा माझ्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी एकाही गोष्टीचा वास स्वतः घेतलेला नाही. गॅस बंद आहे का, पांघरुणाला कुबट वास येतोय का, दूध नासलंय का, सगळं मलाच विचारतात. आज सकाळीही मी दारात बुटाचे बंद बांधत होते आणि ते पातेलं घेऊन उभे राहिले. "बघ गं, बरं आहे का?" मी वाकल्या वाकल्या नाक थोडं वर केलं, न केल्यासारखं, आणि म्हटलं, "चांगलं आहे, प्या." मला उशीर झाला होता. "तू म्हणतेस म्हणजे असेल," म्हणत ते आत गेले. चाळीस वर्षं नाकावर जगलेला माणूस. मला त्यांचा राग येतो. खरं सांगायचं तर लिफ्टमधून खाली येईपर्यंत मला त्यांचाच राग येत होता.

ज्या झाडाच्या तेलात धूर हवा होता त्या झाडाला आमच्या गावचे तेल काढणारे भट्टीवाले, त्यात बाबाही, तुसडं म्हणायचे. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण तुसडं हेच खरं. लावलेलं ते उगवायचं नाही, आणि उगवलं तर ओळीत वाढायचं नाही. डोंगराच्या उतरणीवर जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे आपल्या मर्जीने उभं राहायचं. आणि उभं असेतोवर त्याला वास म्हणावा असा वासच नसायचा. साल खरवडा, पान चुरगळा, काही नाही. वास यायचा तो ते वाऱ्याने पडल्यावर, तोही लगेच नाही. पडलेलं झाड दोन पावसाळे तसंच पडू द्यायचं. बाहेरचं पांढरं लाकूड किडे खाऊन टाकतात, सडून जातं, आणि आत मनगटाएवढा, फार तर मांडीएवढा तांबूस गाभा उरतो. सगळं तेल त्यात. बाबा म्हणायचे, "याला बोलायला वेळ लागतो." त्या गाभ्याच्या चिपा करून तांब्याच्या हंड्यात पाण्यात टाकायच्या, झाकणाची कड मातीने लिंपायची, आणि अठरा तास मंद जाळ द्यायचा. नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर तेल तरंगतं, ते शिंपल्याने अलगद काढायचं. आणि जाळ कशाचा? तर मागच्या खेपेचा उकळून वाळवलेला चोथा जाळायचा, त्याच झाडाचा. या झाडाच्या तेलासाठी दुसऱ्या झाडाला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. म्हणून तेलात धूर असायचा. पण तो बाहेरून आलेला नसायचा, त्याच लाकडाचा असायचा. आजूबाजूची माणसं ते तेल दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची, पोरांच्या छातीला लावायची, लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत बोळा ठेवायची, सुतार पटाशीच्या मुठीला लावायचे. कुणी कधी म्हटलं नाही की धूर जरा जास्त झालाय.

मी सात-आठ वर्षांची असताना बाबा शर्टाची बाही वर सारून कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावायचे आणि हात माझ्यापुढे करायचे. "सांग, कितव्या तासाचं?" पहिल्या तासांचं तेल उथळ, तिखट, नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीसारखं. मधल्या तासांत ऊब येते. शेवटच्या तासांचं जड, ओल्या मातीत चामडं पुरून ठेवल्यासारखं, आणि ते धुराला धरून असतं. मी डोळे मिटून सांगायची, चौथा, अकरावा, सतरावा, आणि एखाद्या तासाने चुकले तर ते म्हणायचे, "परत घे. घाई करू नकोस, ते कुठे पळून जात नाही." आणि कधी हंड्यात चुकून दुसऱ्या झाडाची ढलपी गेली तर नुसता हात झटकून म्हणायचे, "परका वास आहे." बस, तेवढंच. मग ते तेल घरातल्या दिव्याला जायचं, गावकऱ्यांनासुद्धा द्यायचे नाहीत. परका वास ही त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी होती. मी हा धंदा त्यांच्या कोपरावर शिकले. कंपनीच्या लोकांना वाटतं मी तो सरांकडे शिकले.

दुपारपर्यंत धूर मिसळून झाला. कुठून आणला विचारा. जाहिरातवालीनेच एक बाटली पाठवली होती. मासे आणि मांस न धुरवता धुरवल्यासारखे लागावेत म्हणून त्यांच्यावर जे पाणी फवारतात, त्याचा अर्क. झाकण उघडल्याबरोबर हॉटेलच्या मागच्या गल्लीचा वास आला. मी तो इतका थोडा घातला की त्यातला मासा कळू नये आणि जाळ तेवढा कळावा. हातोटी लागते त्याला. आणि ज्या तेलात घातला ते तेल! सपाट जमिनीवर ओळीने लावलेल्या, पाणी पाजून वाढवलेल्या, आठव्या वर्षी करवतीने कापलेल्या झाडांचं. त्याच जातीचं आहे म्हणतात, असेलही, पण तुसडं नाही ते, आज्ञाधारक आहे. स्टीलच्या टाकीतून, वाफेवर, तीन तासांत. त्याला धूर कुठून असणार? मी पट्टी चार बोटं लांब धरली आणि लगेच खाली ठेवली. वास वाईट आला असता तर काही वाटलं नसतं. वास छान आला, जवळजवळ आमच्या भट्टीच्या अंगणासारखा आला, आणि तो मी केला होता.

मग सरांनी दाखल्याचा कागद पुढे सरकवला. असा कागद प्रत्येक मालाबरोबर जातो आणि त्यावर माझी सही लागते, माझ्या सहीवाचून पिंप दाराबाहेर पडत नाही. त्यावर लिहिलं होतं: रानात आपोआप पडलेल्या झाडाचं, तांब्याच्या भट्टीच्या पारंपरिक पद्धतीने काढलेलं तेल. खाली तपासणाऱ्याचा शेरा आणि सही.

"सर, यातलं काय खरं आहे?" मी विचारलं.

"'पद्धतीने' म्हटलंय. नीट वाच. भट्टीवर काढलंय असं कुठे म्हटलंय?"

"आणि आपोआप पडलेलं? ती झाडं करवतीने पाडलेली आहेत."

"अगं, पडलीच ना शेवटी?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "हे बघ, धूर काय सुरेख बसवलायस. वर तुझं कौतुक चाललंय. आता उगाच खुसपट काढू नकोस. पाचच्या आत सही करून दे, उद्या सकाळी माल निघतोय."

ते गेले आणि मी कागदाकडे बघत बसले. ड्रॉवरमध्ये राखीव नमुन्यांच्या कपाटाची किल्ली होती. तपासलेल्या प्रत्येक तेलाची एक कुपी त्या कपाटात अंधारात ठेवतात आणि पाच वर्षांनी टाकून देतात, पण टाकायचं काम माझ्याकडे आहे, आणि एक कुपी मी टाकलेली नाही. सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, डाव्या कोपऱ्यात. तिच्यासमोर मी दुसऱ्या कुप्या आणून लावत आले आहे. बारा वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. ती तिथे आहे एवढं मला रोज माहीत असायचं, दाढेतल्या किडीसारखं.

ती कुपी आली तेव्हा मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. या झाडाची बारा ठिकाणची तेलं एकदम आली होती, कुणाचं कुठलं ते न सांगता, नुसते आकडे घालून. सरांनी आधी मला फ्रिजमधलं कंपनीचं प्रमाण तेल हुंगायला दिलं होतं, महिनाभर, रोज सकाळी. वाफेवरचं, गाळलेलं, नितळ. "हे डोक्यात ठेव. याच्याशी जे जुळणार नाही ते बाद," ते म्हणाले होते. आणि मी हुशार विद्यार्थिनी. डोक्यात ठेवलं. इतकं ठेवलं की माझं बालपणच डोक्यातून निघून गेलं. सातव्या कुपीला मी पट्टी लावली, एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतलीच नाही. घाई केली. ते कुठे पळून जाणार नव्हतं, मीच पळत होते, पुढच्या कुपीकडे, सरांच्या शाबासकीकडे. चिठ्ठीवर ऐटीत लिहिलं: धुरकट. परका वास. नाकारावे.

दोन महिन्यांनी सुट्टीत घरी गेले तर अंगणात भट्टी नव्हती. काळी जमीन होती आणि भिंतीला टेकवून तांब्याचा एक चपटा पत्रा ठेवला होता. बाबांनी हंडा स्वतः घणाने ठोकून सपाट केला होता. आईने मला आत नेऊन हळूच सांगितलं, व्यापाऱ्याकडून सगळं तेल परत आलं, तेव्हापासून ते जेवत नीट नाहीत. बाबा मात्र अगदी शांत होते. "माझं नाक गेलं," ते म्हणाले, "परका वास होता म्हणे त्यात. मला कळलाच नाही. ज्याला परका वास कळत नाही त्याने भट्टी लावू नये." दाराजवळच्या खिळ्याला परतीची चिठ्ठी अडकवलेली होती. टाइप केलेली, कंपनीचं नाव नाही, गाव नाही, नुसतं नमुना क्रमांक सात, आणि त्याखाली माझी ओळ. माझे कसले, त्यांचेच शब्द. परका वास असं जगात दुसरं कोण लिहिणार होतं? म्हणून तर त्यांनी विश्वास ठेवला. कुणी सोम्यागोम्याने 'प्रमाणात बसत नाही' असं लिहिलं असतं तर त्यांनी चिठ्ठी चुलीत घातली असती आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले असते. पण त्यांच्याच भाषेत त्यांना कुणीतरी सांगत होतं, म्हणजे ते कुणी जाणकारच असणार.

मी तिथे, त्या दारात उभी राहून, काही बोलले नाही. आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, आता हंडा मोडलाच आहे. मग आई गेली, बाबा माझ्याकडे आले, आणि वाटलं, म्हातारपणी कशाला. सबबींना काय तोटा? रोज सकाळी पातेलं पुढे आलं की मी एक सबब हुंगायची आणि म्हणायची, चांगलं आहे.

कुपीचं झाकण घट्ट बसलं होतं, चिमट्याने फिरवावं लागलं. पट्टी बुडवली, चार बोटं लांब धरली. बारा वर्षांत तेल मुरलं होतं. पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं, ऊब वर आली होती आणि धूर कुठे वेगळा म्हणून राहिलाच नव्हता, लाकडात परत गेला होता. वाळत घातलेला चोथा आला, मातीचं लिंपण आलं, बाही सारलेला हात आला. मी दुसऱ्यांदा घेतलं. मग तिसऱ्यांदा. आणि मला इतका संताप आला की खुर्चीत बसवेना. हे मी बाद केलं होतं? आणि आज मासळीच्या फवाऱ्याने त्याचीच नक्कल करून वर माझं कौतुक? तेव्हा धूर होता म्हणून माणूस उठवला आणि आता माणूस नाही म्हणून धूर विकत आणायचा! जाहिरातीत तो म्हातारा कारागीर असणार, तांब्याचं भांडं असणार, खाली जाळ. खरा म्हातारा माझ्या घरी पाचव्या मजल्यावर, पांघरुणाला वास येतोय का म्हणून मला विचारतोय.

सर पाचला पाच कमी असताना आले. दारातच थांबले, हवेत नाक उचललं. "अरे वा! हे काय उघडलंयस? हेच, अगदी हेच हवंय तिला. कुठलं आहे?"

मी कुपीला अडकवलेली माझी जुनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर करून वाचली. "तुझंच अक्षर. हे अजून ठेवलंयस? पाच वर्षांनी टाकायचं असतं."

"मी चुकले होते सर."

"चुकली बिकली नव्हतीस. तेव्हा तसंच हवं होतं, आता असं हवंय. इतकं काय मनाला लावून घ्यायचं? ते दे इकडे, यंत्रावर घालून बघू काय काय आहे त्यात, पुढच्या खेपेला अजून जवळ जाता येईल." त्यांनी हात पुढे केला. सर वाईट नाहीत. माझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा त्यांनी मला आठवडाभर रजा दिली होती. पण तो पुढे केलेला हात बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कुपी मुठीत धरली आणि पर्समध्ये टाकली. मग पेन घेतलं आणि दाखल्यावर, तपासणाऱ्याचा शेरा या ओळीपुढे लिहिलं: परका धूर. नाकारावे. आणि खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

"हे काय? अगं, धूर तूच घातलायस!"

"म्हणूनच मला माहीत आहे तो परका आहे," मी म्हटलं. "उद्या काय करायचं ते करा. माझी सही हीच." ते मागून काहीतरी म्हणत राहिले, तेरा वर्षं, नोकरी, डोकं ठिकाणावर. मी जिना उतरत होते, लिफ्टची वाट बघायला मला धीर नव्हता.

बाबा गॅलरीत खुर्चीत बसले होते. ऊन अजून कठड्यावर होतं. मी बूट घालूनच त्यांच्यासमोर गेले आणि कुपी उघडली. "बाबा, हे जरा बघा."

"मला काय दाखवतेस? माझं नाक गेलंय."

"तरी बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग, नकळत असेल, डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या आतली कातडी सुरकुतून पातळ झाली होती. मी थेंब टाकला. त्यांनी हात लगेच वर नेला नाही, थेंब अंगाला लागू दिला, मग नाकापासून चार बोटांवर धरला आणि डोळे मिटले. खूप वेळ. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. परत एकदा घेतलं. "अठराच्या अठरा तास आहेत यात," ते म्हणाले, "काही काढलेलं नाही, काही घातलेलं नाही." त्यांचे डोळे अजून मिटलेले होते. "हे आपलं आहे. शेवटच्या खेपेचं. तुला कुठे मिळालं?"

"आमच्या कपाटात होतं. नमुना क्रमांक सात."

त्यांनी डोळे उघडले. आकडा त्यांना पाठ होता. "यात परका वास नाही," ते सावकाश म्हणाले. "कोण म्हणालं होतं?"

"मी," मी म्हटलं. "मी लिहिलं होतं ते. तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, खिळ्यावर चिठ्ठी बघितली तेव्हाच, पण मी बोलले नाही."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी बाही खाली केली, खुर्चीच्या हातांना धरून उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं, झाकण काढलं, नाकापाशी नेलं आणि तसंच मोरीत उपडं केलं. नळ सोडला. दूध फुटलेलं होतं, जाळीवर पांढऱ्या गुठळ्या राहिल्या.

"सकाळीच वास आला होता मला," माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले. "तू म्हणालीस चांगलं आहे, म्हणून प्यालो."